उभ्या जोडावरची लाल रेघ

डेमोत सगळं सपाट असतं. वेल्डिंग रोबोचा लेसर सेन्सर दाखवायला आलेल्या मंडळींनी आमच्या शॉपमध्येही टेबलावर दोन पट्ट्या आडव्या ठेवल्या होत्या, मुद्दाम जराशा तिरक्या. टॉर्चच्या पुढे लाल रेघ सरकत गेली, रोबोने तिच्यामागे वाट वळवली आणि बीड बरोबर जोडावर बसला. साहेब लोक खूष झाले. शेजारी उभे असलेले मामा मला हळूच म्हणाले, "आता हीच पट्टी उभी करून मारायला सांग की." मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने वेल्डर, अख्ख्या शॉपचे मामा. तेव्हा कुणी ते मनावर घेतलं नाही. सेन्सर आला आणि पुढचे कित्येक महिने मी त्याच एका वाक्याशी झटत होतो.

चाकणच्या एमआयडीसीत आम्ही खोदकाम करणाऱ्या यंत्रांचे सांगाडे बनवतो. १२ ते २५ मिलिमीटरच्या प्लेटी, लांबलचक फिलेट. गॅसने कापलेल्या प्लेटी कधीच एकसारख्या बसत नाहीत. इथे गॅप शून्य, हातभर पुढे गेलं की दोन मिलिमीटर. हाताने मारणारा वेल्डर ते बघत बघत सांभाळून घेतो. रोबो मात्र शिकवलेल्या वाटेनेच जातो, खाली जोड असो वा नसो.

सेन्सरची युक्ती तशी सोपी आहे. लेसरची रेघ जोडावर आडवी पडते आणि कॅमेरा तिच्याकडे तिरक्या कोनातून बघतो. सपाट जागी रेघ सरळ दिसते, कोपरा किंवा खाच आली की मोडते. त्या मोडीवरून कोपरा नेमका कुठे, गॅप किती, हे हिशोबाने निघतं. आर्कच्या झगझगाटात काही दिसेनासं होऊ नये म्हणून कॅमेऱ्यापुढे फिल्टर असतो. लेसरचा रंग सोडून बाकीचा बहुतेक उजेड तो अडवतो. बैलगाडीपुढे कंदील घेऊन गडी चालावा तसा हा सेन्सर टॉर्चच्या पुढे चालतो. आमच्याकडे हे अंतर ४० मिलिमीटर आहे.

उभ्या जोडात पहिल्यांदा नडलं ते हेच अंतर. सपाट जोडावर टॉर्च मिनिटाला ४८ सेंटिमीटर जात असेल, तर सेन्सरने पाहिलेल्या जागी ती पाच सेकंदांत पोचते. खालून वर चढताना वेग मिनिटाला १२ सेंटिमीटरवर येतो आणि त्याच ४० मिलिमीटरला वीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तापलेली प्लेट जागची हलते. म्हणजे टॉर्च पोचते तेव्हा सेन्सरची माहिती जुनी झालेली असते. यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये मिळाला नाही, फिटअपमध्ये मिळाला. टॅक जवळजवळ मारले, क्लॅम्प वाढवले, तेव्हा प्लेट गप्प बसली.

दुसरी भानगड हवेची. उभं चढताना सेन्सर टॉर्चच्या वर असतो, त्यामुळे आर्कची आच आणि धूर सरळ त्याच्याकडे जातो. काच काळवंडू नये म्हणून सेन्सरला हवेचा झोत दिलेला असतो. धूर वाढला म्हणून ऑपरेटर पोरांनी प्रेशर वाढवलं आणि बीडवर बारीक बारीक छिद्रं दिसायला लागली. गॅसची बाटली बदलून झाली, नोझल साफ करून झालं, वायरवर ओल आहे का तेही बघितलं. शेवटी मी आर्क न लावता नुसता गॅस सोडला आणि टॉर्चच्या तोंडाशी पेटती अगरबत्ती धरली. धूर एका बाजूला लोटला जात होता. वरची हवा खालच्या वितळलेल्या धातूच्या पूलवरचा शील्डिंग गॅस उडवत होती. मग झोत कमी केला, मध्ये पितळी पट्टी आडवी लावली आणि छिद्रं गेली.

पण खरी गंमत गॅपची आहे. सेन्सर गॅप मोजतो आणि त्याप्रमाणे रोबोचा वेग बदलतो. सपाट फिलेटमध्ये गॅप वाढली की वेग कमी, माल जास्त, जागा भरून निघते. विकणाऱ्यांनी तोच तक्ता उभ्या जोडालाही लावून दिला होता. उभ्यात गॅपवर वेग कमी केला की उष्णता साठते, पूल जड होतो आणि खाली ओघळतो. बीडला मध्ये पोट सुटतं, कडांना अंडरकट, म्हणजे खाच. सेन्सरने मोजलेला आकडा बरोबर होता, त्याच्यापुढचा हुकूम चुकीचा. वजन कुठल्या दिशेला ओढतंय हे त्या लाल रेघेत दिसत नाही.

मी मामांना खुर्ची देऊन स्क्रीनसमोर बसवलं. म्हटलं, "मामा, दोन मिलिमीटर गॅप आली तर तुम्ही काय करता?" ते हाताने हवेतच झोके देत म्हणाले, "कडेला थांबायचं, मधनं पळायचं." मग आम्ही तसंच लिहिलं. करंट थोडा खाली, झोका थोडा रुंद, दोन्ही कडांना सेकंदाचा तिसरा हिस्सा थांबा, मधून झटकन पार. मामा प्रत्येक तुकडा तोडून आतली बाजू बघायचे आणि नुसतं "हं" म्हणायचे. "हं" लांबलं की आकडे पुन्हा बदलायचे.

आडव्या फिलेटला तेवढा त्रास नव्हता. तिथे सेन्सर बरोबर कोपरा दाखवतो, पण मोठा फिलेट असेल तर वायर कोपऱ्यात न धरता खालच्या प्लेटवर मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकवून धरावी लागते, नाहीतर उभ्या प्लेटला अंडरकट येतो. प्रत्येक पोझिशनचा असा ऑफसेट वेगळा. तो तक्ता आता रोबोच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेला आहे.

ओव्हरहेडमध्ये मात्र सेन्सरने हात टेकले. टॉर्च खालून वर तोंड करून आणि सेन्सरही तसाच, म्हणजे स्पॅटर थेट त्याच्या काचेवर. पुढची पारदर्शक पट्टी बाकी कामात शिफ्टभर टिकते. इथे एका जोडातच तिच्यावर ठिपके पडतात, रेघ तुटक दिसते आणि रोबो मध्येच थांबतो. अर्धवट थांबलेला ओव्हरहेड बीड ग्राइंडरने घासून पुन्हा चालू करणं म्हणजे हाताने मारण्यापेक्षा जास्त काम. त्यामुळे तळाचे दोन जोड अजून मामाच मारतात, आणि त्यांचं वय बघता हे मला बरं वाटत नाही.

यंदाच्या बजेटसाठी दुसऱ्या सेन्सरची मागणी मी लिहून दिली. मामांनी त्याच कागदावर खाली पेनाने लिहिलं, "सांगाडा फिरवायला पोझिशनर." सगळा सांगाडा उलटा करता आला तर ओव्हरहेडचा सपाट होतो आणि आहे तोच सेन्सर पुरतो, असा त्यांचा हिशोब. खर्च बराच जास्त आहे, पाया खणावा लागेल, क्रेनची वाट बदलावी लागेल. तरी मी माझी ओळ खोडली आणि कागद तसाच पुढे पाठवला.