तुकडोजींची खंजेरी आणि बांबूचा ऑर्गन

मु. कौंडण्यपूर, ता. तिवसा, जि. अमरावती

चि. बापू,

फिलिपिन्समधल्या दावाओच्या वसतिगृहात मुलांनी तुझ्या सामानातली खंजेरी पाहिली, हे काय म्हणून विचारलं, आणि 'आमच्याकडचं वाद्य' यापुढे तुला काही सांगता आलं नाही, असं तू फोनवर म्हणालास. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोराच्या बॅगेत आईनं खंजेरी का घातली, हाही तुझा प्रश्न होताच. फोनवर उरकण्यासारखी ही गोष्ट नव्हे. त्यातून तू ज्या देशात शिकतो आहेस तिथल्या गाणाऱ्यांवर तुझ्या मामाचा फार जुना लोभ. तेव्हा पत्र लांबलं तर सवडीनं वाच.

खंजेरी म्हणजे काय, तर एक लाकडी कडं, एका अंगानं ताणून बसवलेलं चामडं आणि कड्याच्या खाचांत खुळखुळणाऱ्या पितळी चकत्या. एका हातात धरायची, दुसऱ्यानं वाजवायची. तबला, पेटी, तंबोरा मंदिरात किंवा पैसेवाल्याच्या वाड्यात असायचे. खंजेरी मजुराच्या घरातही खुंटीला लटकलेली असे. ती वाजवायला उस्ताद लागत नाही. पण नीट वाजवणाऱ्याच्या हातात ती असली, की तीनशे माणसांचा ठेका एकट्यानं सांभाळते.

वऱ्हाडात हे वाद्य घरोघरी पोचलं ते तुकडोजी महाराजांमुळे. 30 एप्रिल 1909 रोजी यावलीत जन्मलेला माणिक बंडोजी इंगळे हा गरिबाघरचा मुलगा वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या पायाशी बसला आणि 'तुकड्या' झाला. शाळा फारशी झाली नाही. गळा मात्र असा, की खंजेरीवर थाप पडली की चालती बैलगाडी थांबावी. त्यांनी मराठीत आणि हिंदीत हजारो भजनं रचली. त्यांत देव आहे, तसाच गावातला उकिरडा आहे, दारूचा गुत्ता आहे, कर्जात बुडवणारं लग्न आहे, शिवाशिव आहे. 1935 साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. आपल्याच तालुक्यात, अमरावती-नागपूर रस्त्यावर. 1942च्या ऑगस्टमध्ये, 'चले जाव'च्या चळवळीत, आष्टी आणि चिमूर ही गावं पेटली, त्यामागे या भजनांची धग होती हे इंग्रज सरकारलाही कळलं होतं. 28 ऑगस्टला चंद्रपुरात महाराजांना अटक झाली, आणि नागपूर-रायपूरचे तुरुंग करून ते डिसेंबरात सुटले. भजन म्हणणाऱ्या माणसाला सरकार घाबरतं, हे लक्षात ठेव. पुढे तुझ्या फिलिपिन्सच्या गोष्टीत ते पुन्हा येईल.

1955 साली 'ग्रामगीता' आली, 41 अध्यायांची. त्याच वर्षी महाराज जपानमध्ये विश्वधर्म परिषदेला गेले, तेही खंजेरी घेऊन. भाषा न कळणाऱ्या सभेपुढे त्यांनी भजन म्हटलं.

पण तुकडोजींचं सर्वांत मोठं काम कोणतं, असं विचारलंस तर मामा सामुदायिक प्रार्थनेकडे बोट दाखवील. दिवेलागणीला गावातली माणसं एका जागी येतात आणि ओळीनं, मांडीला मांडी लावून बसतात. समोर मूर्ती नाही, एक साधं अधिष्ठान. पाटील, मजूर, महार, मांग, कुणबी, माळी असा कोणाचा पाट वेगळा नाही. पुजारी नाही. सगळे एका सुरात म्हणतात, आणि ज्याचा सूर लागत नाही तोही म्हणतो. जातीजातीचे पाणवठे वेगळे होते, त्या काळात शेजारी बसून एकच गाणं म्हणायला लावणं सोपं नव्हतं. भाषणानं जे झालं नसतं ते खंजेरीनं झालं. 11 ऑक्टोबर 1968 रोजी महाराज गेले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात मोझरीला लाखो माणसं जमतात, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी सारा परिसर जागच्या जागी उभा राहतो आणि मौन श्रद्धांजली होते. खंजेरी भजनाच्या स्पर्धा आजही होतात, बायकांची मंडळं वेगळी, लहान पोरांची वेगळी. अकोट तालुक्यातल्या सिरसोलीचे सत्यपाल महाराज तर सात खंजेऱ्या मांडून वाजवतात आणि हुंडा, दारू, अंधश्रद्धा यांच्यावर लोकांना पोट धरून हसवता हसवता गप्प करतात. ती सप्तखंजेरी ऐकलेला माणूस खंजेरीला किरकोळ वाद्य म्हणणार नाही.

आता तुझ्या मुलखाकडे येऊ.

मनिलाला 'फिलिपीन मॅड्रिगल सिंगर्स' नावाचं गायकमंडळ आहे. आंद्रेआ वेनेरासियोन या बाईंनी ते 1963 साली फिलिपीन विद्यापीठातल्या विद्यार्थी-शिक्षकांना घेऊन सुरू केलं. हे गाणारे अर्धवर्तुळात बसून गातात. युरोपातल्या समूहगायनात हातवारे करणारा संचालक समोर उभा असतो. इथं तो नाहीच. मंडळाचा प्रमुख ओळीच्या डाव्या टोकाला इतरांसारखाच बसलेला असतो आणि गात गातच खूण देतो. बाकीचे एकमेकांचा श्वास ऐकून सूर उचलतात. युरोपातली समूहगायनाची सर्वांत मोठी स्पर्धा, युरोपियन ग्रां प्री, या मंडळानं 1997 साली जिंकली आणि 2007 साली पुन्हा जिंकली. ती दोनदा जिंकणारं हे जगातलं पहिलं मंडळ. त्यांचं बसणं पाहिलं की वऱ्हाडी माणसाला भजनी मंडळच दिसतं. मामाचा जीव त्यांच्यावर जडला तो तिथंच.

हे मिळून गाणं एका मंडळापुरतंही नाही. पवित्र सप्ताहात तुझ्या मित्रांच्या गावी 'पबासा' होतो. ख्रिस्ताच्या यातनांचं पद्यचरित्र, पास्योन, लोक पाळीपाळीनं गातात. एक दमला की दुसरा उचलतो, पठण खंडत नाही, आणि ज्याच्या घरी पबासा असेल तो येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालतो. तुला आपला सप्ता आठवत असेल. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, रात्री दोनचा पहारा कोणाचा आणि चारचा कोणाचा हे फळ्यावर लिहिलेलं, आणि शेवटी काल्याची पंगत. स्पॅनिश पाद्र्यांनी नेलेला धर्म तिथल्या माणसांनी आपल्या गळ्यानं आपलासा केला. आपल्या गोव्यातही असंच घडलं. पोर्तुगीज चर्चच्या शाळांत पोरांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवली जाई, आणि त्याच पोरांनी पुढे मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे शिकले. फिलिपिनो वादकही असेच आशियाभर हॉटेलांत आणि जहाजांवर दुसऱ्यांची गाणी वाजवत फिरले. त्यांची नावं फलकावर क्वचित लागली, याची मामाला फार खंत वाटते.

मनिलाला गेलास तर लास पिन्यासचा बांबूचा ऑर्गन ऐकल्याशिवाय परतू नकोस. दिएगो सेरा या पाद्र्यानं 1816 साली तो बांधायला घेतला. गाव गरीब, धातू महाग, बांबू मात्र भरपूर. त्यानं बांबू तोडून किडीपासून वाचावा म्हणून समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला, आणि 1824 साली ऑर्गन पुरा केला. 1031 नळ्या, त्यांतल्या 902 बांबूच्या. भूकंप झाले, वादळं झाली, ऑर्गन मोडला, दुरुस्त झाला, पुन्हा मुका झाला. शेवटी 1973 साली तो जर्मनीत बॉनला पाठवला आणि 1975 साली वाजता होऊन घरी आला. मेळघाटात एवढा बांबू आहे. त्याची सुपं, टोपल्या, तट्टे होतात, आणि तेही चांगलंच काम आहे. तरी तो ऑर्गन ऐकला की आपल्याकडचा बांबू गाताना कसा वाटेल, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता सरकार घाबरण्याची गोष्ट. 'बायान को' हे तिथलं जुनं देशगीत. हुकूमशहा मार्कोसच्या लष्करी कायद्याच्या काळात ते उघड गायला बंदी होती. 1986च्या फेब्रुवारीत मनिलाच्या एड्सा रस्त्यावर लाखो लोक रणगाड्यांसमोर उतरले, तेव्हा हेच गाणं त्यांच्या तोंडी होतं. फ्रेडी अगिलार हा गायक त्याच्याशी कायमचा जोडला गेला. त्याचं 1978चं 'आनाक' हे आईबाप आणि वाट चुकलेल्या लेकराचं गाणं कितीतरी भाषांत गेलं. 2025च्या मे महिन्यात तो वारला. तुझ्या हॉस्टेलच्या आचाऱ्याला त्याचं नाव सांगून बघ, तो पळी खाली ठेवून बोलायला लागेल याची खात्री बाळग.

आईनं खंजेरी का घातली, ते आता तुझं तुला कळलं असेल, तरी एक गोष्ट राहिली. आपल्या गावची रुक्मिणीमातेची पालखी सदाराम महाराजांनी 1594 साली सुरू केली. महिनाभराची पायी वाट चालून ती आषाढीला पंढरपुरात पोचते. कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर, म्हणून माहेरची पालखी म्हणून तिथं तिचा मान मोठा. तुझ्या आजीनं ती वारी केली, आणि वाटेत मुक्कामाला जे भजन होई त्यात ती हीच खंजेरी वाजवायची. कड्याला जो काळपट गुळगुळीतपणा आहे तो तिच्या हाताचा.

दावाओची हवा दमट. चामडं सैल पडेल, थाप बसकी येईल. वाजवण्याआधी थोडा वेळ उन्हात किंवा दिव्याच्या उबेला धर, पण तापवू नकोस, चिरेल. तेल लावू नकोस. पावसाळ्यात सुती कपड्यात गुंडाळून ठेव.

आणि एक काम सांगतो. 16 डिसेंबरपासून 24 डिसेंबरपर्यंत तिकडे पहाटेच्या मिसा होतात, सिम्बांग गाबी. शेतकऱ्यांना शेतावर जाण्याआधी जाता यावं म्हणून अंधारात भरणाऱ्या. आपला कार्तिकातला काकडाच समज. एका मित्राबरोबर एखाद्या पहाटे जाऊन ये. बाहेर केळीच्या पानावर, खाली-वर निखारे ठेवून भाजलेली तांदळाची बिबिंग्का मिळेल, ती खा. आत गाणं कोण उचलतं ते नीट पाहा: म्हाताऱ्या बाया, की पोरं? मागच्या बाकावरची माणसं म्हणतात की नुसती ऐकतात? गिटार असते की टाळ्यांवरच चालतं? परवानगी विचारून फोनवर थोडं ध्वनिमुद्रण कर आणि पाठव. इथल्या भजनी मंडळाला ते ऐकवायचं आहे, म्हातारे टाळकरी आत्तापासून विचारताहेत.

अभ्यास सांभाळून हे कर. आईला रविवारी फोन करत जा, ती वाट पाहते.

तुझा,
मामा