एका डोळ्याची खोली

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पणत्यांत तेल घालावयास बसलो आणि पहिलीच धार फरशीवर सांडली. "आजोबा, पणती इकडं आहे!" नात ओरडली. पणती मला दिसत होती. ती किती पुढे आहे एवढेच कळत नव्हते. माझा उजवा डोळा त्याच पावसाळ्यात गेला होता. दोन डोळ्यांत अंतर ते किती? जेमतेम ६ ते ६.५ सेंटिमीटर. पण त्यामुळे दोघांना एकच वस्तू किंचित निराळी दिसते आणि त्या फरकावरून मेंदू खोली जोखतो. आता एका साक्षीदाराच्या भरवशावर खटला चालवायचा!

मी खचलो, हे खरे. मग केव्हातरी शाळेतला चित्रकलेचा तास आठवला. कागद तर सपाटच असतो. चित्रकार त्यावर खोली आणतो ती छायेने, एका वस्तूआड दुसरी दडवून, दूरचे लहान काढून. १५व्या शतकात फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्कीने यथादर्शनाचे गणित बसवले. आमचे रस्ते मात्र परीक्षेपुरतेच एका बिंदूत मिळत. मला अजिंठा अधिक जवळचा. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या नाकाच्या दांड्यावर उजळ रंग आहे, बाजूंना गडद. दीड हजार वर्षे तो चेहरा भिंतीतून आपल्याकडे येतो आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात अशा छायेला 'वर्तना' म्हटले आहे. तिचे प्रकार तीन : पत्रज, ऐरिक आणि बिंदुज. नुसत्या ठिपक्यांनी गालाचा उंचवटा उभा करणारा तो माणूस किती निवांत असेल!

ज्या युक्त्यांनी चित्रकार दोन डोळ्यांच्या माणसाला चकवतो, त्यांवरच आता मला संसार करायचा होता. पायरी उतरताना मी तिची सावली पाहू लागलो.

दिवाळीनंतर गावी, कळसाडीस गेलो. धाकट्या भावाबरोबर शेताच्या बांधावर उभा राहिलो. जवळचे पीक हिरवेगार, मागची झाडे मळकट आणि पलीकडे सातपुडा. मागची प्रत्येक रांग पुढचीहून फिकट निळी. मधली हवा प्रकाश विखुरते आणि ती निळाई चढवते. इतक्या लांबवर डोळ्यांतल्या त्या फरकाचा उपयोग कोणालाच नसतो.

"किती रांगा दिसतात रे तुला?" मी विचारले.

"तीन, दादा."

मलाही तीनच दिसत होत्या. मी पुन्हा एकदा मोजल्या.

पणतीचे मात्र अजून जमलेले नाही. बुधलीचे तोंड आधी पणतीच्या काठाला टेकवतो, मगच तेल ओततो.