वाटेत थांबणारं विमान

ट्रॉमसोहून किर्केनेसला जायला दोन तऱ्हेची विमानं मिळतात. एक सरळ जातं आणि तासाभरात उतरवतं. दुसरं उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्याने गावं घेत जातं. हॅमरफेस्ट, मेहामन, बर्लेवोग, बोट्सफ्योर, वाडसो यांपैकी कुठे थांबायचं आणि कुठे नाही, ते त्या दिवसाच्या वेळापत्रकावर. वेळापत्रकातल्या या दुसऱ्या ओळीवर ज्याची नजर खिळते, तो विमानवेडा.

इतरांना अंतर संपवायचं असतं. याला हवं असतं उड्डाण आणि उतरणं, आणि ते जितक्या वेळा होईल तितकं बरं. मुंबई ते लंडन या नऊ-दहा तासांत दोन्ही एकेकदाच वाट्याला येतात, मधला सगळा वेळ अंधार आणि जेवणाचे ट्रे. तेवढ्याच वेळात युरोपात तीन-चार विमानं बदलता येतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एअरबस ए३२० धक्क्यावरून निघताना पायाखालून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो. दोन हायड्रॉलिक यंत्रणांमधला दाब सारखा करणारं ते यंत्र असतं; नवखे दचकतात, वेडे सुखावतात. ए२२० मध्ये रांगेत एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीनच आसनं, म्हणजे खिडकी मिळण्याची शक्यता अधिक. आणि डॅश ८ मध्ये पंख खिडकीच्या वर असतो, चाकं इंजिनाच्या पोटातून बाहेर येतात. योग्य ओळीत बसलं तर झाकणं उघडून पाय खाली येताना, मग रबर धावपट्टीला टेकताना आणि धुराचा छोटा लोट उठताना सगळं हाताच्या अंतरावर दिसतं. जगातल्या कुठल्याही बिझनेस क्लासमध्ये याहून चांगली जागा नाही.

जोडउड्डाणं जुळवणं ही स्वतंत्र कला आहे. म्युनिकच्या टर्मिनल दोनमध्ये अर्ध्या तासात विमान बदलता येतं आणि कामाला निघालेली माणसं त्यावर खूश असतात. विमानवेडा मात्र मुद्दाम चार तासांची फट ठेवतो, कारण लोकलने एक स्थानक मागे गेलं की बेझुखरपार्क येतं. तिथे धावपट्टीकडे बघत बसायला टेकडी आहे आणि पायथ्याशी सुपर कॉन्स्टेलेशन, डीसी-३ आणि युंकर्स ५२ ही जुनी विमानं उभी आहेत. तिकीट एकच असेल तर चुकलेल्या जोडणीची जबाबदारी कंपनीवर राहते. तिकिटं सुटी काढली की ती प्रवाशाच्या गळ्यात. भारतीय पासपोर्टवाल्याला शेंगेन व्हिसा आधीच लागतो, कारण शेंगेनमधल्या दोन विमानतळांवरून पुढे जायचं असेल तर पहिल्याच ठिकाणी देशात प्रवेश करावा लागतो.

पण पुन्हा नॉर्वेकडे.

तिथल्या किनाऱ्याला उड्डाणांची सवय लावणाऱ्या कंपनीचं नाव विडेरो. विगो विडेरो यांनी ती १९३४ मध्ये काढली. सुरुवातीच्या धंद्यांत एक फार देखणा धंदा होता: विमानातून तिरप्या कोनात शेतघरांचे फोटो काढायचे आणि ते त्याच शेतकऱ्यांना विकायचे. आपलं घर, आपला गोठा, आपली होडी वरून कशी दिसते हे तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. ते फोटो चौकटीत बसून नॉर्वेभरच्या बैठकींत लागले. पुढे कित्येक वर्षांनी याच कंपनीची विमानं त्या घरांतल्या माणसांना दवाखान्यात न्यायला येणार होती.

देशाचा भूगोलच तसा. समुद्र डोंगरात खोल घुसलेला, समोरासमोरच्या गावांत अर्ध्या दिवसाचा रस्ता. नॉर्वेची रेल्वे उत्तरेला बोडोपाशी संपते. नार्विकचा फाटा येतो तो स्वीडनमधून. ट्रॉमसोला आजही रेल्वे नाही. १९६५ ते १९७१ या काळात दळणवळण मंत्री असलेल्या होकोन क्युलिंगमार्क यांनी छोट्या धावपट्ट्यांची कल्पना नेटाने पुढे रेटली. लांबी आठशे मीटरच्या आसपास. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या घरात आहे, हे आठवलं की आठशे मीटर म्हणजे काय ते कळतं. १९६८ च्या १ जुलैला ब्रोन्नोयसुंड, सँडनेसशोएन, मो इ राना आणि नामसोस असे पहिले चार विमानतळ सुरू झाले, एकोणीस आसनी ट्विन ऑटर विमानांसाठी. १९७४ मध्ये पाळी आली फिनमार्कची. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा प्रांत घरं, शाळा, धक्क्यांसकट जाळला होता. तीस वर्षांनी त्याच गावांच्या कडेला डांबराच्या पट्ट्या आल्या.

आता तिथे एकोणचाळीस आसनांची डॅश ८-१०० उतरतात. टप्पे पंधरा-वीस मिनिटांचे. विमान वर चढतं न चढतं तोच खाली वळतं. एका बाजूला बॅरंट्स समुद्र, दुसऱ्या बाजूला झाडाविना पठार. बर्लेवोगचं बंदर काँक्रीटच्या चार पायांच्या अवाढव्य ठोकळ्यांनी लाटांपासून वाचवलं आहे. इथल्याच पुरुषांच्या गायकवृंदावर क्नुट एरिक येन्सन यांनी २००१ मध्ये माहितीपट काढला. याच किनाऱ्यावरचं वार्डो हे गाव तर इस्तंबूलपेक्षाही पूर्वेला. नकाशा उघडल्याशिवाय यावर कुणाचा विश्वास बसत नाही. शेजारी बसलेली बाई सहलीला निघालेली नसते, ट्रॉमसोच्या रुग्णालयातून तपासणी करून परतत असते. तिच्यासाठीच सरकार या मार्गांच्या निविदा काढतं आणि तोटा भरून देतं.

वाऱ्याने याची किंमतही घेतली आहे. वेरोय बेटावरून १९९० च्या एप्रिलमध्ये निघालेलं ट्विन ऑटर झंझावातात मोडलं आणि पाचही जण गेले. तो विमानतळ पुन्हा उघडला नाही. बेटाला आता हेलिकॉप्टर जातं.

आखूड जागेत उतरण्याची हौस शहरांनाही असते. १९८२ मध्ये कॅप्टन हॅरी गी यांनी लंडनच्या ओसाड गोदीत, हेरॉन कीजवर, चार पंख्यांचं डॅश ७ उतरवून दाखवलं. पाच वर्षांनी त्याच गोदीभागात लंडन सिटी विमानतळ सुरू झाला. इतरत्र विमान तीन अंशांच्या उताराने येतं, इथे साडेपाच अंशांनी. स्कॉटलंडच्या बारा नावाच्या बेटावर तर धावपट्टी म्हणजे समुद्राची वाळू. भरतीला ती पाण्याखाली जाते, म्हणून ग्लासगोहून येणाऱ्या विमानाची वेळ भरती-ओहोटी ठरवते. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फडकत असली की शिंपले वेचणाऱ्यांनी किनारा मोकळा सोडायचा.

सगळी छोटी उड्डाणं मात्र सारखी नव्हेत. बोडन सरोवराच्या अलीकडचं आल्टनऱ्हाइन आणि पलीकडचं फ्रीडरिक्सहाफेन यांना जोडणारं आठ मिनिटांचं आंतरराष्ट्रीय उड्डाण २०१६ च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि पुढच्या एप्रिलमध्ये बंद पडलं. विमानवेड्यांनी हळहळ व्यक्त केली, पण ते बंद झालं हेच बरं. त्या सरोवरात बोटी चालतात. फ्रान्सने २०२३ मध्ये पॅरिसच्या ओर्लीहून नांत, लियाँ आणि बोर्दोला जाणारी उड्डाणं थांबवली, कारण अडीच तासांच्या आत रेल्वे पोचवते. हाही निर्णय रास्त. आकाशावर प्रेम असणाऱ्याने रूळ असतील तिथे रुळांनी जावं, आणि विमान तिथे मागावं जिथे पाणी आणि डोंगर दुसरी वाट देत नाहीत. आपल्याकडे २७ एप्रिल २०१७ ला ‘उडान’ योजनेच्या पहिल्या मार्गांत नांदेड–हैदराबाद होता, सरकारने तूट भरायची हे तत्त्व तेच.

नॉर्वेची अडचण आता निराळी आहे. डॅश ८-१०० चं उत्पादन केव्हाच थांबलं. आठशे मीटरवर उतरू शकणारं तेवढ्या आसनांचं नवं विमान बाजारात नाही. एटीआर कंपनी ४२-६००एस हे विमान नेमकं अशाच धावपट्ट्यांसाठी बनवत होती. २०२४ च्या नोव्हेंबरात तिने तो प्रकल्प गुंडाळला. विडेरो जुनीच विमानं डागडुजी करून उडवते आहे. तेव्हा जायचं तर आता जा. उन्हाळ्यात जा, तिकडे रात्र होत नाही; तिकीट सर्वांत जास्त थांबे घेणाऱ्या विमानाचं काढा आणि पंखाखालची खिडकी मागून घ्या.