तासाबाहेरची शाळा

दिवाळीच्या दिवसांत शहागंजात खरेदीला निघालेल्या मास्तराला सुखाने चार पणत्या घेता येत नाहीत. घासाघीस ऐन रंगात आलेली असते, आणि नेमका कुणाचा तरी बाप गर्दीतून हात करतो. "गुरुजी, पोराला जरा समजवा. सहामाहीत गणित गेलं, आणि घरी गोष्टी नाटकाच्या! यंदा ते संमेलन-बिंमेलन बंदच करा त्याचं." यावर पणत्यावालाही मान डोलावतो. त्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली दोन माणसांचे एका भावावर एकमत होत नाही. पण संमेलनाने मुले बिघडतात यावर सगळ्यांचे होते!

बापाचा हिशेब सरळ असतो. नाटकाचा एक तास काढला की अभ्यासाला एक तास मिळाला. पण मूल म्हणजे काही किराण्याची वही नव्हे. काढून घेतलेला तास ते गणितालाच देईल, अशी हमी कोण देणार? माझ्या पाहण्यात तरी असा तास बहुधा ओट्यावर नाहीतर मोबाईलवर खर्ची पडतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. बापाची फळांची गाडी. त्यामुळे आठवड्यातून दोन दिवस हा शाळेऐवजी गाडीवर. संमेलनाच्या नाटकात त्याला काम मिळाले ते पडदा ओढण्याचे. तालीम शाळा सुटल्यावर असे, आणि दिवसभर गैरहजर राहणाऱ्याला तालमीस मज्जाव होता. त्या दीड महिन्यात स्वारी एकदाही चुकली नाही. पडदा वेळेवर पडावा म्हणून त्याने सगळ्यांची भाषणे पाठ केली. एरवी धड्यातली चार वाक्ये वाचताना त्याला घाम फुटे. वार्षिक परीक्षेत तो काठावर पास झाला. पडद्याच्या दोरीने त्याला गणित शिकवले, असे मी म्हणत नाही. पण गणित शिकवायचे तर मुलगा समोर बसलेला तरी हवा! दोरीने त्याला आणून बसवले, एवढेच.

आणि तरीही कित्येक शाळांत नियम असा, की सहामाहीत नापास झालेल्याला संमेलनात घ्यायचे नाही. ज्याचा शाळेशी एकच धागा उरला आहे, त्याचाच तो तोडायचा, आणि मग पटावर 'सतत गैरहजर' असा शेरा मारायचा!

नाही म्हणायला, एका बाबतीत पालकांचे मन वळले आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला आणि वरच्या पातळीवरच्या खेळांना दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे कालपर्यंत "रंग कशाला हवेत?" म्हणणारे गृहस्थ आज "किती मार्क वाढतील?" असे विचारतात. मार्क मिळाले की ब्रश माळ्यावर जातो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातली भिंत पाडायला सांगितले आहे. कागदावरची पडली असेल. वेळापत्रकातली ठणठणीत आहे. दहावीचा खेळाचा तास आजही गणिताचे मास्तर सर्वांत आधी मागून नेतात.

आमच्या गावाने तरी हे विसरू नये. निजामी राजवटीत, १९३८ साली, इथल्या आणि हैदराबादच्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणायचे सोडले नाही. ते गीत कुठल्याही पेपरात विचारले जाणार नव्हते. उलट त्यापायी शेकडो मुलांना शिक्षणावर पाणी सोडायची पाळी आली. पण त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी गाणेही सोडले नाही आणि पुस्तकेही. नागपूर विद्यापीठाने दार उघडले, तेव्हा घरदार मागे टाकून ती तिकडे शिकायला गेली. जिवाला लागलेली एखादी गोष्ट मुलाला अभ्यासातून उठवतेच, असे नाही. कधी कधी तीच त्याला परमुलखात पुन्हा अभ्यासाला बसवते.

तालमीने झपाटून वह्या कोऱ्या ठेवणारी मुले मीही पाहिली आहेत. त्यांच्यासाठी तालीम वेळेवर संपवावी. मुलगा घरी जाऊन पाटी धरतो की नाही, हेही विचारावे. तेवढे काम मास्तराचे आणि बापाचे. पण तालीमच बंद करणे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून ताप मोजायची नळी फोडण्यासारखे आहे.

सुट्टी संपली, की संमेलनाच्या याद्या लागतील. त्यांच्या शेजारी सहामाहीत नापास झालेल्यांची यादी ठेवून पाहावी. एखादे नाव दोन्हीकडे सापडेल. पहिल्या यादीतले ते नाव खोडण्यापूर्वी, तो मुलगा उद्या शाळेत कशासाठी येईल, याचे उत्तर मात्र शोधून ठेवावे.