दादाची वाट

वडिलांच्या आजारपणामुळे माझ्या दादाला आठवीनंतर शाळा सोडावी लागली. "आता माझी वाट खुंटली," असे तो म्हणे. पुढे गुरुजींनी त्याला भारत सरकारने १९५० साली आरंभिलेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेची माहिती दिली. वयाची १४ वर्षे पूर्ण हवीत. फिटरसाठी दहावी लागते, परंतु वेल्डरच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमास आठवी पुरते. इंदुरात नंदानगरला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, शुल्कही अल्प. निवड मात्र गुणानुक्रमे होते. दाखले वेळेवर न जमविल्याने पहिले वर्ष वाया गेले. दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळाला. आज त्याच्या हातांवर ठिणग्यांचे डाग आहेत. आई ते पाहून हळहळते, दादा हसतो. यंदा मी आठवीत आहे. माझे दाखले त्याने आताच काढून ठेविले आहेत.