घासलेला क्यू६६००

वॉटर पेपरचे नंबर तेव्हा काही पोरांना पाढ्यांसारखे पाठ असत: चारशे, सहाशे, आठशे, हजार, दीड हजार, दोन हजार. कागद मिळायचा रंगाच्या दुकानात. दुकानदार विचारायचा, "कुठली गाडी?" डेंटिंग-पेंटिंगवाल्यांखेरीज दोन हजार नंबर मागणारं गिऱ्हाईक त्याला माहीत नव्हतं. कॉम्प्युटरचा प्रोसेसर घासायचाय हे त्याला काय सांगणार? घरी तर त्याहून नाही.

साल २००७. इंटेलचा कोअर टू क्वाड क्यू६६०० जानेवारीत ८५१ डॉलरला आला आणि जुलैत २६६ डॉलरवर उतरला. चार कोअर हौशी माणसाच्या आवाक्यात आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खोक्यावर ‘एसएलएसीआर’ ही अक्षरं शोधत हिंडायचं, कारण ती म्हणजे सुधारलेली ‘जी०’ आवृत्ती. १०५ ऐवजी ९५ वॅटची. मदरबोर्डच्या बसचा वेग २६६ मेगाहर्ट्झवरून ३३३ केला की २.४ गिगाहर्ट्झची चिप सरळ ३ वर जायची. ४०० झेपला तर ३.६. कंपनीने विकलेल्यापेक्षा दीडपट, तेही फुकट! आडवी यायची ती उष्णता. त्यात आपला एप्रिल: खोलीच ३८ अंशांवर, आणि पंखा कितीही मोठा लावा, चिप खोलीपेक्षा गार होत नाही.

म्हणून घासणं. चिपवरचं झाकण तांब्याचं, वर निकेलचा मुलामा. ते सपाट दिसे, पण ब्लेडची सरळ धार त्यावर आडवी धरून मागून बॅटरी मारली की मधल्या फटीतून उजेड यायचा. हीटसिंकचा तळही तसाच. या फटी थर्मल पेस्टने भरतात खऱ्या; पण पेस्टपेक्षा तांबं उष्णता निदान पन्नासपट सहज वाहून नेतं, त्यामुळे पेस्टचा थर जितका पातळ तितकं बरं.

जाड काच घ्यायची, ओला कागद तिच्यावर चिकटवायचा. चिप बोटांच्या टोकांत धरून, जोर न लावता मागेपुढे न्यायची, मधूनमधून काटकोनात फिरवायची. या चिपला पाय नव्हते, पिना मदरबोर्डवर असत, तेवढी धास्ती कमी. झाकण खोलगट असेल तर तांबं आधी कडांना उघडं पडायचं आणि मधोमध निकेलचं पांढुरकं बेट उरायचं. ते आक्रसत जाताना बघणं हाच खरा सोहळा. सोबत चिपवरचं नाव-नंबर पुसलं जायचं आणि वॉरंटीही.

मग हजार, दीड हजार करत तोंड दिसेपर्यंत चकाकी आणायची. टूलरूममध्ये हयात घालवलेल्या माझ्या काकांनी ती बघून नाक मुरडलं होतं. "आरसा झाला म्हणजे सपाट झालं असं नाही रे." त्यांचं बरोबर होतं. सपाटी आठशेपर्यंतच येऊन जायची. पुढचं सगळं फोटोसाठी. झाकण मुळात वाकडं असेल तर तीन-पाच अंश उतरायचे, फारच वाकडं असेल तर जास्त. सपाट चिप घासणाऱ्याच्या पदरात काही पडत नसे, मात्र तसं कबूल करणारा मला भेटला नाही. तरीही त्या तीन-पाच अंशांना किंमत होती: तेवढ्यावर वेगाची पुढची पायरी स्थिर राहायची.

आता ती पायरी चिप स्वतःच चढते. २०२२ च्या रायझन ७००० मालिकेतल्या वरच्या चिपा पूर्ण ताण आला की ९५ अंशांपर्यंत जायच्या हे एएमडीनेच ठरवून दिलेलं. चांगलं थंड करा, तर चिप थोडी जास्त वीज ओढते, थोडी जास्त पळते आणि पुन्हा ९५ वर जाऊन बसते. अडचणीची जागाही हलली आहे. क्यू६६०० मध्ये सिलिकॉनचे दोन तुकडे, प्रत्येकी १४३ चौरस मिलिमीटरचे. रायझन ९ ७९५०एक्समध्ये कोअरचे दोन तुकडे प्रत्येकी सुमारे ७०चे, आणि चिप वीज ओढते २३० वॅटपर्यंत. एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर काढायची हाच मोठा पेच. वरच्या फटीचा वाटा त्यात थोडा. जुने कूलर बसावेत म्हणून या चिपांचं झाकण मुद्दाम जाड ठेवलंय. ते घासून पातळ केलं तर फरक पडतो, पण त्यासाठी जवळपास मिलिमीटरभर तांबं खरवडायला हवं. इंटेलच्या २०२१ पासूनच्या लांबट चिपांची गंमत निराळी: सॉकेटची खिट्टी दाबली की चिपच वाकते. घासून सपाट केलेलं तिथे पुन्हा वाकडं होणार. त्यावर खिट्टीऐवजी वेगळी चौकट बसवणं हा उपाय.

परवा भाच्याने विचारलं, "मामा, घासू का?" नवा, महागाचा प्रोसेसर. म्हटलं, आधी कॅबिनेटच्या जाळीतली धूळ काढ, मग बायोसमध्ये वॅटची मर्यादा खाली आण. वेग किंचित पडेल, तापमान धाडकन उतरेल. पाच मिनिटांत त्याचं झालंही, एका हाताने, दुसऱ्या हातात पोह्यांची बशी. मला जरा चुटपुट लागली. हात चालवायची हौसच असेल तर क्यू६६०० आता भंगारभावात मिळतो, तो खुशाल घासावा. त्याची वॉरंटी केव्हाच संपली आहे.