चौकातली काळजी

तान्हा पोळा हा आमच्याकडे पोट्ट्यांचा हक्काचा दिवस. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी सजवायचा, दोरी धरून घरोघर न्यायचा आणि बोजारा, म्हणजे पोरांना द्यायचा खाऊ-पैसा, मागायचा. घर ओळखीचं की परक्याचं, हे त्या दिवशी कुणी पाहत नसे. आमच्या नरखेड तालुक्यातल्या लहान गावांतही आता तान्हा पोळा मंडपात भरू लागला आहे. माइक असतो, बक्षिसं असतात, आणि नंदीच्या दोरीपेक्षा पोराचा हात घट्ट धरून उभी असलेली आई असते. घरोघर जाणारी पोरं अजून दिसतात, पण मागे कुणीतरी मोठं माणूस चालत असतं. का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: "दिवस चांगले नाही राह्यले, सर."

चांगले दिवस नेमके कधी होते, हे मला कुणी सांगितलेलं नाही. आमच्या लहानपणी दुपारी न झोपणाऱ्या पोराला पोतंवाला नेत असे. पुलाच्या पायात लेकराचा बळी देतात, ही आवई तर इंग्रजांच्या काळापासून देशभर फिरते आहे. मोठं बांधकाम निघालं की ती पुन्हा उठायची. फरक इतकाच, की तेव्हाची आवई बैलबंडीने यायची आणि वाटेत थकायची.

2018 साली ती थकली नाही. त्या उन्हाळ्यात मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता: मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरचं पोर उचलून नेतात. मुळात ती कराचीत पालकांना सावध करण्यासाठी केलेली छोटी फिल्म होती. तिच्या शेवटी ते दोघं पोर परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला. 1 जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे एस.टी.तून उतरले. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागून जगणारी ही माणसं. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त झालं. गर्दीने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. पाचही गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. तरी सप्टेंबर 2022 मध्ये सांगलीतल्या जत तालुक्यात लवंग्याला उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना पट्ट्या-काठ्यांनी मारलं गेलं. त्यांनी एका मुलाला वाट विचारली होती.

पोरं पळवणारा नेहमी पायी का फिरतो? त्याच्या अंगावर भगवं, नाहीतर फाटकं का असतं? इस्त्रीच्या शर्टातला माणूस गाडीतून उतरून पोराला चॉकलेट देतो, तेव्हा आपण "थँक्यू म्हण" म्हणतो. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अशाच काही भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 साली गेला. चौकातली नजर गेली नाही.

आमच्या गावात एक बहुरूपी येतो, फौजदाराच्या वेशात. खाकी, पट्टा, पायात मात्र स्लीपर. दारात उभा राहून आवाज चढवतो, "चला, वॉरंट आहे तुमच्या नावाचं!" पूर्वी बायका हसून सुपात गहू आणायच्या. मागे एकदा चौकात चार-पाच पोरांनी त्याला अडवलं. "कुठला बे तू? आधार दाखव." त्याने खाकीच्या खिशातून आधार कार्ड काढलं. लॅमिनेशन कडेला सुटलेलं, फोटो पुसट. एकाने मोबाइलवर त्याचा फोटो घेतला आणि लगेच कुठल्याशा ग्रुपवर टाकला. खोटा फौजदार खऱ्या चौकशीला अदबीने उत्तरं देत होता. आवाज मघाचा नव्हता. मग तो पुढच्या घराकडे न जाता थेट बसथांब्याकडे गेला.

शिकलेले लोक असल्या गोष्टी अडाणीपणाच्या खात्यात टाकतात. कॅलिफोर्नियात 1983 साली मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीतल्या शिक्षकांवर मुलांवर अत्याचार केल्याचे आरोप झाले. तिथले पालक चांगले शिकलेले होते. शाळेखाली गुप्त भुयारं आहेत म्हणून जमीनसुद्धा खणली गेली. 1990 साली खटला आटोपला तेव्हा एकही आरोप सिद्ध झालेला नव्हता. भीतीला पदवी चालते.

मग मुलांना धोका नाहीच का? आहे, आणि भरपूर आहे. पण पोक्सो कायदा 2012 पासून लागू आहे आणि त्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांची सरकारी आकडेवारी दरवर्षी एकच सांगते: शंभरातल्या नव्वदांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, घरी येणारा-जाणारा. बदलापुरात 2024 साली चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं ते शाळेच्या आवारात. आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी होता. बहुरूप्याला आधार विचारणं सोपं असतं. सख्ख्या मामाला काय विचारणार?

आणि आमच्या तालुक्यातून माणसं खरोखर कुणी नेली असतील, तर वर्धा नदीने. 30 जुलै 1991 ला मोवाडमध्ये पूर शिरला आणि 204 माणसं गेली. त्या दिवसाची आठवण अजून ताजी आहे, पण संत्र्याच्या बागेतली बिनकठड्याची विहीर आणि प्लास्टिक अंथरलेलं शेततळं, ज्यात पडलेलं पोर निसरड्या उतारावरून वर येऊ शकत नाही, त्यांचा फोटो कुठल्या ग्रुपवर फिरत नाही. विहिरीला चोप देता येत नाही ना. तिला कठडा बांधावा लागतो, आणि त्याला सिमेंट लागतं.

या साऱ्या काळजीचा हप्ता शेवटी पोरीच फेडतात. पोरगं संध्याकाळी क्रिकेट खेळायला जातंच. शाळा सुटते ती तिची. दहावीनंतर अकरावीला मोठ्या गावी जायचं तर एस.टी. आली. अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत मुलींना पास फुकट आहे, पण परतीची गाडी हिवाळ्यात अंधार पडल्यावर लागते. ओळखीच्या एका घरी मी यावरून वाद घातला. बाप म्हणाला, "पोरगी हुशार आहे, मले मालूम आहे. पण काही झालं त तुमी जबाबदारी घेता का, सर?"

त्याचं चूक म्हणायला माझी जीभ रेटली नाही. गाडी तासभर आधी सुटली तर पाठवाल का, म्हणून विचारलं. "मंग पाठवीन न. काहून नाही पाठवणार?"

तेव्हा गाडीची वेळ बदलण्यासाठी आम्ही अर्ज लिहिला. सह्या हव्या होत्या पालकांच्या, कारण एकट्याच्या अर्जाला आगारात कुणी विचारत नाही. चौकात आधार तपासणाऱ्या पोरांपैकी दोघांच्या बहिणी त्याच गाडीच्या होत्या, म्हणून आधी त्यांच्याच घरी गेलो. एकाचा बाप बागेत होता. संत्र्याचा तोडा चालू आहे, व्यापाऱ्याची गाडी उभी आहे, नंतर पाहू म्हणाला. दुसऱ्या घरी पोरगाच भेटला. त्याने अर्ज उभ्या उभ्या वाचला, मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाला, ग्रुपवर टाकतो. मी म्हटलं, टाक, पण आधी सही कर.